टर्बोराव

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दक्षिणेस दहिसरचा नाका, अशा चतुःसीमेत वसलेल्या मीरा-भाईंदरात मनुष्याने मोटारीच्या वेगाची आकांक्षा धरावी, यास सृष्टीची अनुमती नाही आणि काशीमिऱ्याच्या सिग्नलची तर मुळीच नाही. तथापि ज्या वस्तूचा उपयोग नाही तिच्याच निवडीत मनुष्याची रसिकता खरी प्रकट होते, या न्यायाने येथील प्रत्येक मोठ्या गृहसंकुलात एक तरी टर्बोराव वास्तव्य करून असतातच.

टर्बोरावांची मोटार म्हणजे 1996 सालची मारुती एस्टीम. ती सोसायटीच्या आवारात कव्हराखाली विश्रांती घेत असते, वहिनी भाजीला रिक्षाने जात असतात, आणि टर्बोराव स्वतः रोज सकाळी चर्चगेट लोकलच्या दारात एका पायावर उभे राहून सहप्रवाशांना ‘बूस्ट’ या विषयाचे ज्ञानदान करीत असतात. मोटारीला टर्बो बसवावयाचा हा संकल्प पक्का आहे. निकाल व्हावयाचा राहिला आहे तो एवढाच, की कोणत्या इंजिनाला.

हे प्रकरण त्यांनी दिवाणी दाव्याच्या इतमामाने चालविले आहे. प्रथम एस्टीमच्या मूळ 1298 सीसी इंजिनाची जबानी झाली. टर्बो हा बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर पंखा फिरवून सिलिंडरात जादा हवा कोंबतो. सबब, मुळातच पुरेसे कॉम्प्रेशन असलेल्या साध्या इंजिनात पेट्रोल भलत्या वेळी पेटून ठोके पडू लागतात आणि पिस्टनवर गंडांतर येते. म्हणजे फोर्ज्ड पिस्टन आले, जाड हेड गॅस्केट आले, इंटरकूलर आला. दावा खर्चासह फेटाळण्यात आला. मग जिप्सीचे, तेवढ्याच सीसीचे परंतु 16 व्हॉल्व्हचे इंजिन हजर झाले. ते पडले एस्टीमच्याच भाऊबंदांपैकी, तेव्हा त्याच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवावा? रांजणगावी बनलेल्या अबार्थ पुंटोचे 145 अश्वशक्तीचे इंजिन तर कारखान्यातूनच टर्बो लेवून आलेले. पण आयत्या टर्बोत कर्तृत्व ते कोणते? ऑक्टाव्हिया आरएसच्या 1.8 लिटर इंजिनाविषयी आदर अपार, मात्र ते एस्टीमच्या बॉनेटखाली मावण्यासाठी प्रथम एस्टीमच बदलावी लागेल, असा शेरा पडला.

काशीमिऱ्यातील एका गॅरेजच्या उस्तादांनी ही समग्र कैफियत पान्यावरची नजर न काढता ऐकून घेतली आणि म्हटले, “शेठ, हाफ इंजिन करून टाका, रिंगा नव्या घाला आणि गाडी फिरवा.” हा सल्ला अल्प खर्चाचा, अल्प मुदतीचा आणि अमलात आणण्याजोगा, अशा तिन्ही दोषांनी युक्त असल्यामुळे टर्बोरावांनी त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढणे कायमचे वर्ज्य केले.

विलंबाविषयी कोणी छेडलेच, तर त्यांच्यापाशी नजीर तयार असते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने टर्बोच्या कल्पनेचे पेटंट 1905 साली घेतले, आणि जहाजी डिझेल इंजिनांत ती फलद्रूप होण्यास 1925 साल उजाडले. जेथे जनकालाच 20 वर्षे लागली, तेथे मीरा रोडच्या नोकरदाराने घाई का करावी? एवढ्यानेही जो निरुत्तर होत नाही, त्याच्यासाठी 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 पुढे केले जाते, ज्यान्वये नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. इंजिन मनासारखे सापडण्याचा धोका दिसू लागला, की टर्बोरावांची कायद्यावरील निष्ठा विशेष जागृत होते.

तात्पर्य, ज्यास मोटार चालवावयाची आहे त्याने उस्तादांचे ऐकावे. आणि ज्यास केवळ इंजिन निवडावयाचे आहे, त्याने मोटार विकत घेण्याचा खर्च तरी निष्कारण करू नये.