आधी रेडर उचला!

आप्पा तुमच्याही गावात असणार, नाव तेवढं वेगळं असेल. प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला की माकणीच्या स्टँडवर निवांत चहा प्यायची सोय राहत नाही. मोबाइल बिस्किटाच्या बरणीला टेकवलेला, भोवती पोरं, आणि आप्पांचा एकच धोशा, "आधी रेडर उचला. बाकीचं बघता येतंय."

"आणि कोपरे कोण सांभाळणार?"

"कोपऱ्यात कुणीबी चालतंय."

दाखले देऊन बघितले. २०२२ साली तमिळ थलायवाजनं पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना उचललं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, हंगाम संपला. आणि तो संघ त्याच वर्षी पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यावर २ कोटी ६० लाखांच्या वर ओतले. २२ सामन्यांत दोन विजय, तळाचा नंबर. त्या हंगामाचा चषक नेला पुणेरी पलटणनं. त्यांनी मोठी रक्कम मोजली होती इराणच्या शादलुईवर, म्हणजे पकडीच्या गड्यावर! आप्पांनी शांतपणे बशीत चहा ओतला. "नशीब असतंय एकेकाचं."

हे तत्त्व कबड्डीपुरतं राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण आप्पांनी बोअर पाडायच्या आधी मोटार आणली. मोटार म्हणजे रेडर. बोअर कोरडी गेली. धरणाच्या गावात राहून मोटार पोत्यात गुंडाळून पडली आहे. पुतण्याच्या लग्नात मुलगी पसंत पडायच्या आधी बँडवाल्याला इसार देऊन मोकळे. सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा आला तेव्हा तर सरकारनंच आपलं ऐकलं, अशा थाटात ते महिनाभर हिंडले. आधी सरपंच उचला, सदस्य बघता येतात. पुढं ठराव मंजूर कोण करणार, ही कोपऱ्याची बाब!

एकदा वैतागून विचारलं, "आप्पा, तुम्ही स्वतः कुठल्या जागेवर खेळायचात?"

त्यांनी हात पुढं केला. करंगळीशेजारचं बोट पार वाकडं. घोटा धरताना मोडलेलं.

"डावा कोपरा. त्या रेडरचं नाव अजून घेतेत लोक. त्याला धरला कुणी, विचारा की. म्हणून म्हणायलोय, पैसा रेडरवरच लावावा. बघायला येतेत ते त्यालाच."

मला पुढचा दाखला सुचला होता, पण दिला नाही.

संध्याकाळी पोरं मैदानात उतरली की मात्र हे गृहस्थ रेडरकडं ढुंकूनही बघत नाहीत. डाव्या कोपऱ्यातल्या पोराच्या पाठीशी, रेषेबाहेर धोतर खोचून उभे, आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असे खेकसतात, "लका, तोंड काय बघायलास त्याचं! पाय बघ, पाय!"