घरबसल्या आवाज विका: आदिलाबादच्या होतकरूंसाठी साधनखरेदीची शास्त्रोक्त पद्धत

तुमचा आवाज चांगला आहे असं चार माणसांनी तुम्हाला सांगितलेलं असणार. एकानं मंगलाष्टकं ऐकून, दुसऱ्यानं गणपती मंडळाच्या सूचना ऐकून, तिसऱ्यानं उधारी मागायच्या आधी. चौथी तुमची आई. व्हॉइस ओव्हरच्या धंद्यात उतरायला एवढा पुरावा भरपूर झाला. शिवाय आदिलाबादचा मराठी माणूस एका चहात मराठी, तेलुगू आणि हिंदी तिन्ही संपवतो. बियाण्याची एकच जाहिरात पैनगंगेच्या दोन्ही काठांवर विकायची सोय त्याच्या घशातच आहे. राहिलं फक्त सामान. ते पुढील क्रमानं घ्यावं.

पायरी 1. आधी माइक घ्या, खोलीचं नंतर बघू. न्यूमनचा यू 87 हा कंडेन्सर माइक 1967 पासून जगभरच्या स्टुडिओंत मानानं नांदतो आहे. किंमत लाखांत. तो पत्र्याच्या खोलीत लावा. माइक प्रामाणिक आहे. तुमच्या आवाजासोबत पंखा, शेजारचा मिक्सर, गल्लीतला भंगारवाला आणि वहिनींची ‘भाऊजी, जेवायला या’ ही हाक, सगळं तो चोख टिपेल. जाहिरातदाराला एवढा ऐवज एकाच पैशात मिळेल. एवढं औदार्य नको असेल तर साधा डायनॅमिक माइक घ्यावा. तो तोंडाजवळ ठेवून बोलायचा असतो, त्यामुळे खोलीचा गोंगाट तुलनेनं मागे राहतो.

पायरी 2. यूएसबी की एक्सएलआर, यावर सहा महिने विचार करा. यूएसबी माइक थेट लॅपटॉपला लागतो. एक्सएलआरला मध्ये ऑडिओ इंटरफेस लागतो, आणि कंडेन्सर असेल तर 48 व्होल्टची फँटम पॉवर. तिचं बटण इंटरफेसवरच असतं. ते न दाबता ‘माइक मेलेला निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडून यावं. अनुभवी लोकही इथूनच सुरुवात करतात.

पायरी 3. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा. फोटोत खोली स्टुडिओसारखी दिसते, आवाजात काडीचाही फरक पडत नाही. पातळ पुठ्ठ्यानं फार तर वरच्या पट्टीतला आवाज थोडा विखुरतो. आवाज शोषायला जाड, तंतुमय आणि हवा खेळेल असा पदार्थ लागतो. हलणारी हवा तंतूंवर घासते आणि आवाजाची ऊर्जा उष्णता होऊन विरते. लहर जितकी लांब, तितका थर जाड हवा. 100 हर्ट्झच्या खर्जाची लहर सुमारे 3.4 मीटर लांब असते. तिच्यापुढे इंचभर फोम म्हणजे हत्तीपुढे सुतळी.

आता जरा घराबाहेर बघा. दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. जिनिंगपासून बाजारापर्यंत गावाचा श्वास कापसाच्या भावावर चालतो. अशा गावात बसून तुम्ही भलत्याच शहरातून कुरिअरनं फोम मागवताय. पिंजाऱ्याकडून चांगल्या जाड दोन गाद्या भरून घ्या. एक पाठीमागे, एक बाजूला टांगा. भिंतीपासून वीतभर अंतर सोडलंत तर खर्जातला आवाजही जास्त शोषला जाईल. समोर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून ठेवा. मग टाळी वाजवा. मागून ‘टण्ण’ असं काही आलं नाही, की खोली तयार झाली. कापूस पेट घेतो, तेव्हा तापलेला बल्ब गादीपासून लांबच ठेवा.

पायरी 4. भरदुपारी रेकॉर्डिंग ठेवा. गाद्या खोलीतला घुमारा मारतात, बाहेरचा भोंगा अडवत नाहीत. तो अडवायला वजनदार भिंत लागते. म्हणून मे महिन्यात, पारा 44 वर असताना, खिडक्या लावा, कूलर बंद करा, पंखा बंद करा आणि दोन गाद्यांच्या मध्ये उभं राहून थंड पेयाची जाहिरात वाचा. भारदस्तपणा घामाबरोबर निघून जातो. शहाणी माणसं पहाटे चार-पाचला उठून काम उरकतात. पावसाळ्यात पत्र्यावर सरी आल्या तर माइक झाकावा आणि खुशाल झोपावं.

पायरी 5. पॉप फिल्टरवर पैसे वाचवा. आपल्याकडच्या जाहिरातीचा मजकूर साधारण असा असतो: ‘बोंडअळीचा बंदोबस्त, भरघोस बोंडं, फवारणीचा पैसा वाचवा.’ यातला प्रत्येक ब, भ, फ आणि प माइकवर हवेचा धपका मारतो. भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला तरी काम भागतं. तोंड माइकपासून वीतभर लांब ठेवा आणि माइक किंचित कडेला घ्या, म्हणजे हवा बाजूनं निघून जाते.

पायरी 6. सगळे दोष सॉफ्टवेअरवर सोडा. ऑडॅसिटी फुकट मिळतं. त्यातलं ‘नॉइज रिडक्शन’ मन भरेपर्यंत दाबा. गोंगाट जाईल, जाताना आवाजाचा जीवही घेऊन जाईल. ज्यांना काम टिकवायचं आहे ते आवाजाची शिखरं उणे 12 ते उणे 6 डेसिबलमध्ये ठेवतात. ऑडिओबुकवाले खोलीची शांतता उणे 60 डेसिबलच्या खाली मागतात. ती बटणातून येत नाही, पायरी 3 आणि 4 मधून येते. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे घ्या. नाहीतर तुमचाच आवाज हेडफोनमधून गळून परत माइकमध्ये शिरेल.

पायरी 7. ‘समय’ व्हा. दूरदर्शनवर 1988 मध्ये ‘महाभारत’ सुरू झालं आणि हरीश भिमानींनी समयाला आवाज दिला. तेव्हापासून प्रत्येक होतकरू खताच्या पोत्याची जाहिरातही त्याच गांभीर्यानं वाचतो. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला कळत नाही, शेतात युरिया टाकायचा की रथ जुंपायचा. त्यापेक्षा शेजारच्या काकांना भाव सांगता तसं वाचा.

हिशेब सोपा आहे. जवळ 10 हजार असतील तर आधी गाद्या आणि पडदे, मग मधल्या दरातला यूएसबी माइक, उरलेल्यात स्टँड आणि हेडफोन. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचन, त्याला पैसे पडत नाहीत. यू 87 पहिल्या 50 कामांची बिलं वसूल झाल्यावर बघा. आणि धंदा नाहीच चालला, तर गाद्या झोपायला होतील. माइकवर झोपता येत नाही.