खातेप्रमुख

आषाढातल्या पावसाविषयी किंवा वैशाखातल्या उन्हाविषयी दोन सुज्ञ माणसांत मतभेद होण्याचा संभव नसतो. जे सर्वांनाच भिजवते किंवा सर्वांनाच भाजते, त्यावर भाष्य करण्यासाठी कोणा अधिकारी पुरुषाची आवश्यकता भासत नाही. परंतु होळी पेटून गेल्यावर आणि गुढी उभी राहण्यापूर्वी पुण्यावर जे एक अनिश्चित पर्व येते, ज्यात पहाटे पायाशी ठेवलेली गोधडी गळ्यापर्यंत ओढावी लागते, दुपारी त्याच खाटेवर पंखा पाचावर फिरवावा लागतो, आणि सायंकाळी हडपसरच्या बाजूने चार ढग येऊन, कोणाचेही काही न बिघडवता, सिंहगडाकडे निघून जातात, त्या पर्वात पूर्वीच्या प्रत्येक वाड्यात आणि आता वाडे पाडून उभ्या राहिलेल्या प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ एकाएकी महत्त्वास चढतो. आमच्या सोसायटीत त्यास खातेप्रमुख म्हणतात.

हा हुद्दा अर्थातच लोकांनी बहाल केलेला आहे. प्रत्यक्ष चाकरी त्यांनी मामलेदार कचेरीत केली आणि अव्वल कारकुनाच्या जागेवरून ते निवृत्त झाले. पीकपाण्याच्या नोंदींत ज्याचे आयुष्य गेले, त्याने आभाळाकडे सरकारी नजरेने पाहावे यात नवल नाही. नवल एवढेच की, कचेरी सुटली तरी दफ्तर सुटले नाही. एका लांबोड्या वहीत ते रोज किमान तापमान, कमाल तापमान, वारा आणि आभाळ असे चार रकाने भरतात, व पाचव्या रकान्यात शेरा मारतात. या नोंदींचे साधन म्हणजे गॅलरीत टांगलेला एक तापमापक होय. वेधशाळेचे तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, ऊन आणि पाऊस यांच्यापासून अलिप्त राहतात, हे खातेप्रमुख आपणांस अस्खलित सांगतील; त्यांचा स्वतःचा तापमापक मात्र वाळत घातलेला पंचा आणि स्वयंपाकघराची खिडकी यांच्या बेचक्यात संसार करतो, त्यामुळे कुकरची तिसरी शिट्टी झाली की पुण्याचे तापमान दोन अंशांनी चढते. त्या वेळी ते नोंद खोडत नाहीत. खाडाखोड हा त्यांच्या मते दफ्तराचा गुन्हा आहे. ते शेऱ्याच्या रकान्यात ‘स्थानिक कारणास्तव’ असे लिहितात.

सकाळी वर्तमानपत्र आले की, पारिजातकाखालच्या बाकावर त्यांची कचेरी भरते. प्रादेशिक अंदाज फाल्गुनात सामान्यतः असा असतो की, कोकण-गोव्यात हवामान कोरडे राहील, मध्य महाराष्ट्रात व मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता आहे, विदर्भात आकाश अंशतः ढगाळ राहील आणि कमाल तापमानात फारसा बदल संभवत नाही. तुम्ही-आम्ही या मजकुरावरून सोन्याच्या भावाकडे वळतो. खातेप्रमुख मात्र तो जाहीरनाम्यासारखा वाचतात, ‘संभवत नाही’ या शब्दांवर थांबतात, चष्म्यावरून सर्वांकडे पाहतात आणि मग भूमध्य समुद्रावर उगम पावून इराण-अफगाणिस्तानमार्गे हिमालयात दाखल होणारा पश्चिमी विक्षोभ व बंगालच्या उपसागराकडून दमट हवा आत ढकलणारे वारे यांची भेट आपल्या डोक्यावर कशी घडते, याचा तपशील असा काही देतात की, विक्षोभाचा मुक्काम काल रात्री त्यांच्याच घरी होता असे वाटावे.

अंदाज चुकतात असे म्हणणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या विभागातील जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के, आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक केंद्रांवर पाऊस पडला तरच त्यास सर्वदूर म्हणावे, हा हिशेब त्यांनी सोसायटीतल्या दूधवाल्यासही पढवून ठेवला आहे. त्यांच्यापाशी प्रत्येक अंदाजाची आणेवारी असते. पूर्वी पिकाची करीत तशी सोळा आण्यांत ते वेधशाळेच्या आठवड्याची किंमत करतात, आणि आठ आण्यांखाली तिला त्यांनी अद्याप कधी उतरू दिलेले नाही. कारण आठ आण्यांखाली गेल्यास टंचाई जाहीर करावी लागते आणि तो अधिकार, ते म्हणतात, अव्वल कारकुनास नाही.

या अधिकाराची खरी कसोटी वाळवणाच्या दिवसांत लागते. कुरडया घालणे हे पापड लाटण्याइतके सुटसुटीत काम नव्हे, हे ज्यांनी केवळ तळलेली कुरडई पाहिली आहे त्यांना ठाऊक नसते. गहू तीन दिवस भिजत घालावे लागतात, रोज पाणी बदलावे लागते, मग ते वाटून चीक काढावयाचा, तो बसू द्यावयाचा, आणि शिजवून सोऱ्यातून उन्हात घालावयाचा. म्हणजे ऊन हवे असते ते गहू भिजवण्याच्या दिवशी नव्हे, तर त्यानंतरच्या चौथ्या आणि पाचव्या दिवशी. आणि नेमके त्याच दिवशी आभाळ भरले तर चीक आंबतो व कुरडया काळवंडतात. तळमजल्यावरच्या वहिनी गेल्या फाल्गुनात हा प्रश्न घेऊन बाकापाशी आल्या.

“भाऊजी, गहू भिजत घालू ना?”

“वहिनी, शुक्रवार-शनिवारी मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलका पाऊस आहे.”

“ते झालं. आपली गच्ची तुरळक ठिकाणांत येते का, तेवढं सांगा.”

या प्रश्नापुढे एखादा सामान्य माणूस गडबडला असता. खातेप्रमुखांनी डोळे मिटले, वाऱ्याकडे गाल केला, आणि गच्ची ही स्वतंत्र केंद्र म्हणून नोंदलेली नसल्याने तिच्यापुरता अंदाज देणे नियमास धरून होणार नाही, असा निवाडा दिला. वहिनींनी गहू भिजत घातले. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास, कुरडया निम्म्या वाळलेल्या असताना, एक ढग आला, त्याने गच्चीवर मोजून काही थेंब टाकले आणि तो निघून गेला. वहिनी पातेली, सुना आणि प्लॅस्टिकचे कागद यांसह धावल्या. खातेप्रमुख सावकाश वर आले, त्यांनी एका कुरडईला बोट लावून पाहिले आणि सांगितले की, 2.5 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खाते त्या दिवसास पावसाचा दिवस म्हणत नाही, सबब आज पाऊस झालेला नाही. वहिनी काय म्हणाल्या ते लिहिण्याजोगे नाही. वहीत त्या दिवसापुढे ‘नाममात्र’ असा शेरा आहे.

त्यांच्या निष्ठेला इतिहासाचेही अधिष्ठान आहे. 1875 साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगरची ती दगडी इमारत आजतागायत सिमला ऑफिस म्हणून ओळखली जाते आणि बसचा वाहकही तेच नाव पुकारतो. हे सांगताना त्यांची छाती भरून येते. 1944 साली मुख्यालय दिल्लीस गेले. पुण्यावर झालेल्या अन्यायांत खातेप्रमुख याचा क्रम पानिपताच्या खालोखाल लावतात. मात्र देशभरच्या हवामानाच्या जुन्या नोंदींचा संग्रह आजही पुण्यातच आहे, यात त्यांना समाधान आहे. साहेब कोठेही बसो, दफ्तर ज्याच्या ताब्यात तोच धनी, हे तत्त्व त्यांनी नोकरीत अनुभवाने जाणले होते. नातवाच्या मोबाईलवर दर तासाच्या पावसाची टक्केवारी दिसते. तिला ते पाहतही नाहीत, कारण तिच्याखाली कोणाची सही नसते.

एका गोष्टीत मात्र हा मनुष्य गंभीर आहे, आणि ती न सांगता पुढे गेलो तर त्याच्यावर अन्याय होईल. शहरात ज्याला आपण सुखद बदल म्हणतो, तोच आठवडा शेतात गहू आणि हरभरा काढणीला आलेले असताना, नाशिककडे द्राक्षांचे घड वेलीवर असताना आणि कोकणात आंब्याला बारीक कैरी धरलेली असताना येतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात व विदर्भात जी गारपीट झाली, तीही याच दिवसांतली. नोकरीत असताना अशा शेतांचे पंचनामे त्यांनी स्वतः लिहिले आहेत. ज्या दिवशी अंदाजात ‘गारपीट’ हा शब्द असतो, त्या दिवशी ते बाकावर मोठ्याने वाचत नाहीत, टक्केवारी सांगत नाहीत, की आणेवारीही काढत नाहीत. गावाकडे धाकट्या भावाला फोन करून कापलेला गहू झाकला का एवढेच विचारतात, आणि उत्तर ‘हो’ येईपर्यंत चहा घेत नाहीत.

तेव्हा वाचकांपैकी कोणास कुरडया घालावयाच्या असतील, लोकरीची टोपी पेटीत टाकावी की न टाकावी असा संशय असेल, किंवा नुसतेच घटकाभर बोलावयाचे असेल, त्याने पाडव्याच्या आत येऊन आपल्या खातेप्रमुखांची गाठ घ्यावी. गच्चीचे तेवढे विचारू नये. मृग लागल्यावर मात्र त्यांच्याकडे जाण्यात अर्थ नाही. तेव्हा पाऊस खिडकीतून सर्वांनाच दिसत असतो, आणि खातेप्रमुख त्या चार महिन्यांत गुडघेदुखीविषयी बोलतात.