आधी गाळा, मग नकाशा

नगरमध्ये निवासी भागाचा व्यापारी भाग करायच्या दोन पद्धती आहेत. एक कायद्यात दिली आहे, दुसरी सावेडी उपनगरात चालते.

कायद्यातली आधी सांगतो. फारशी वापरली न गेल्यामुळे ती अजून कोरी करकरीत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966. त्यानुसार शहरात आज कुठली जमीन कशासाठी वापरली जाते, याचा नकाशा आधी करायचा. मग प्रारूप विकास योजना येते. तिच्यात निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, शेती हिरवी. त्यावर लोकांच्या हरकती, सुनावणी, शेवटी शासनाची मंजुरी. योजना मंजूर झाल्यावर मध्येच कुठे पिवळ्याचा निळा करायचा झाला, तर कलम 37 आहे. राजपत्रात नोटीस, महिनाभर हरकती, पुन्हा सुनावणी, पुन्हा मंत्रालय. अट एवढीच की, फेरबदलामुळे योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये.

आता सावेडीची पद्धत. गुलमोहर रोडला किंवा पाइपलाइन रोडला एखाद्या बंगल्याच्या हॉलमध्ये ब्युटी पार्लर निघतं. शेजारी आपल्या गॅरेजमध्ये झेरॉक्स मशिन बसवतो. तिसरा म्हणतो, आपणच काय घोडं मारलंय? तो कंपाउंड पाडून तीन गाळे काढतो. वरच्या मजल्यावर क्लास, त्याच्या वर दवाखाना, गच्चीवर पत्रा टाकून कॅफे. मोजणी करायला माणसं येतात तेव्हा पिवळं रंगवायला फारसं उरलेलंच नसतं. ती बिचारी इमानदारीत निळा रंग भरून निघून जातात. इथवर ठीक, कारण आहे ते दाखवणं हे त्यांचं कामच आहे. पण तोच निळा रंग पुढे प्रस्तावित म्हणून उतरतो, तेव्हा विकास आराखड्याचा पंचनामा झालेला असतो. घटना घडून गेलेली, खाली फक्त पंचांच्या सह्या.

दुकानांशी माझं वाकडं नाही. बाजाराशिवाय नगर कसलं? आडतेबाजार, दाळमंडई, कापडबाजार, मोची गल्ली. नावातच धंदा सांगणारं हे गाव आहे, आणि खाली दुकान, वर बिऱ्हाड ही इथली जुनी रीत. फक्त तेव्हाचं गिऱ्हाईक पायी यायचं. आताचं चारचाकीतून उतरतं, आणि ती चारचाकी दुकानाच्या पायरीला टेकवूनच उतरतं.

शिवाय आता रंग बदलायची तसदीही दर वेळी घ्यावी लागत नाही. डिसेंबर 2020 मध्ये मुंबईसारखे मोजके अपवाद सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्यात निवासी पट्ट्यात कुठला व्यापार चालेल, हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. दाट वस्तीत 9 मीटर आणि बाहेर 12 मीटर रस्ता असला की, निवासी भागातही दुकानं, कार्यालयं यांना दार बरंच उघडतं. कल्पना वाईट नाही. रुंद रस्ता गर्दी पेलतो, हे खरंच. गोम एवढीच की, रुंदी मोजली जाते कागदावर. प्रत्यक्ष टेप लावायला गेलात, तर दोन्हीकडच्या पायऱ्या, रॅम्प, पाट्या, दुचाकींची रांग आणि पाणीपुरीची गाडी वजा करून उरतं ते बारा मीटर नक्कीच नसतं. पार्किंगसाठी मंजूर झालेल्या तळघरात साड्यांचा सेल लागलेला असला, तर विचारूच नका.

यावर महापालिकांच्या हातात इलाज आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम 267-अ प्रमाणे बेकायदा बांधकामाला मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावता येते. तेच कलम असंही बजावतं की, शास्ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. म्हणजे बेकायदेशीरपणा जागच्या जागी, हातात मात्र पक्की पावती.

शहराबाहेरही तोच अभ्यासक्रम आहे. 2017 मध्ये शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला. आता हिरव्या पट्ट्यातल्या उसाला लॉजची स्वप्नं पडू लागली तर दोष कुणाला देणार? ‘डीपी रोड टच, लवकरच यलो झोन’ अशी पाटी लावून गुंठे विकणाऱ्याला कुणी विचारत नाही की, बाबा, शासनाने तुझ्या कानात कधी सांगितलं? त्याला भरवसा आहे इतिहासाचा. गुंठेवारी नियमित करणारा कायदा 2001 चा. त्याची मुदतरेषा त्या वर्षीच्या 1 जानेवारीची होती, ती 2021 मध्ये थेट 31 डिसेंबर 2020 वर नेली. मुदतरेषा सरकते, हे एकदा कळल्यावर परवानगीसाठी थांबेल तो वेडा.

माझ्या मते, कुठलाही पट्टा निळा करण्याआधी तीनच हिशेब लागतात: गाड्या कुठे लागणार, सांडपाणी कुठल्या गटारात जाणार, आणि मुळा धरणातून येणाऱ्या पाण्यातलं किती तिकडे जाणार. हे तीन आकडे नसलेला प्रस्ताव महापालिकेच्या सभेपुढे आणूच नये. रेडी रेकनरचे आकडे मात्र सगळ्यांना पाठ असतात.

तेव्हा नगरकरहो, प्रारूप योजना प्रसिद्ध होईल तेव्हा हरकतींना 30 दिवस मिळतात. ते वर्तमानपत्रात नोटीस शोधण्यात घालवू नका. ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहून दिलंत, तर तुमचा कागद फायलीत नुसता जाडी वाढवेल. सर्व्हे नंबर लिहा, रस्ता टेपने मोजून प्रत्यक्ष रुंदी लिहा, फोटो जोडा आणि पोच घ्या. सुनावणीला बोलावलं तर जा. आणि रस्त्यावर आलेल्या पायऱ्या तुमच्याच गाळ्याच्या असतील, तर हरकत लिहिण्याआधी त्या आत घ्या.