मनःशांतीचा परतावा

मनःशांतीची शिबिरं भरवणारे लोक पहिल्या दिवसापासून ‘सोडून द्या’ असं शिकवतात. खरं तर आपण घरून निघायच्या आधीच, बुकिंगच्या अटींमध्ये, हा धडा सुरू झालेला असतो. तीस दिवस आधी रद्द केलंत तर ‘प्रोसेसिंग’ कापून पैसे परत, पंधरा दिवस आधी निम्मे, त्यानंतर नारळ. जगात सगळं अनित्य आहे, फक्त आपला ॲडव्हान्स त्यांच्याकडे शाश्वत.

रेल्वेच्या नावाने आपण एवढी बोटं मोडतो, पण तिचा हिशोब कसा रोखठोक! 2015 च्या नियमांत स्लीपरचं पक्कं तिकीट गाडी सुटण्याच्या 48 तास आधी रद्द केलं तर माणशी 120 रुपये कापायचे, मग 12 तासांपर्यंत पाव भाडं, मग 4 तासांपर्यंत निम्मं. आमच्या सोसायटीत हे कोष्टक रामरक्षेसारखं घडाघडा म्हणणारी माणसं आहेत. आणि पैसे कापताना रेल्वे कधी ‘तुमचा प्रवास आतून सुरू झालाच आहे’ असं कळवत नाही. आम्हाला गोव्यातल्या एका मौन-शिबिराने तसं कळवलं.

झालं असं, की निघायच्या आठवड्यातच माझे चुलतकाका वारले. घरात सुतक. अटींमध्ये ‘कुटुंबातील मृत्यू’ अशी सवलत होती, पण कुटुंब म्हणजे आईवडील, नवराबायको आणि मुलं. हयातभर आमच्या प्रत्येक कार्यात पहिल्या पंगतीला बसलेले काका त्या व्याख्येत काही बसेनात.

मी फोन लावला. पलीकडे मधाळ आवाज. ‘‘सर, मी तुमची भावना समजू शकते. आपण दोघं मिळून एक दीर्घ श्वास घेऊ या का?’’ आता भांडायचं तर समोरच्यानेही थोडा हातभार लावायला नको? मी एक पट्टी चढलो की ती एक उतरायची. शेवटी मी ओरडतोय आणि ती कुजबुजतेय, अशा अवस्थेत आतून बायको म्हणाली, ‘‘अहो, निदान सुतकात तरी हळू बोला.’’

एवढ्या श्वासोच्छ्वासानंतर पदरात काय पडलं, तर क्रेडिट नोट. मुदत सहा महिने, त्यातून पुन्हा सीझनच्या तारखा वजा. उरला तो थेट जुलै. जुलैतल्या गोव्यात कौलांवर पाऊस असा कोसळतो की मौन पाळलं काय नि आरडाओरडा केला काय, शेजारच्याला पत्ता लागायचा नाही.

वकील पुतण्या म्हणाला, ‘‘काका, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्याच दिलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात तक्रारीची फीसुद्धा नाही.’’ फी नाही म्हटल्यावर मी बाह्या सरसावल्या. पण मनःशांतीसाठी तारखांना खेटे घालायचे, हे बायकोला पटेना.

मग इगतपुरी आठवली. धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरं चालतात आणि राहण्याजेवण्याचा एक पैसा घेत नाहीत. दान देतो म्हटलं, तरी आधी शिबिर पुरं करा म्हणतात. म्हणजे परताव्याचं कलमच नाही! किती थोर संस्कृती! पण दहा दिवस, पहाटे चारची घंटा आणि संध्याकाळी जेवणाऐवजी चहा-फळं, एवढं वाचून झाल्यावर बायको म्हणाली, ‘‘गोव्यात गेलेले पैसे परवडले.’’

अखेर अटींच्या तळाशी बारीक अक्षरात एक पळवाट सापडली. किरकोळ फी भरून बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करता येत होतं. साडूंना आमचं सुतक लागत नाही. ते आनंदाने तयार झाले. साडू झोपेतही बोलतात, हे आम्ही शिबिरवाल्यांना सांगितलं नाही. फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापनाने त्यांना हात जोडले. पाहुण्याला शिबिरवाल्यांनीच परत पाठवलं तर पूर्ण रक्कम परत, असंही एक कलम निघालं. एवढ्या कलमांत ते एकच गिऱ्हाइकाच्या बाजूचं, आणि बुकिंग आता साडूंच्या नावावर असल्याने पैसे गेले साडूंच्या खात्यात. त्यावर ते मंगेशी-शांतादुर्गा करून, मासे खाऊन, काजू घेऊन परतले.

बायकोने बहिणीला सुनावल्यावर पैसे आले, मासे आणि काजू वजा जाता. नाव बदलण्याची फी मात्र अटींनुसार परत मिळत नाही.