खुंट टेक्सासचा, बाणा भूमिपुत्राचा

सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्पतात्यांनी एच-1बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा आकडा चिकटवला आणि पिंपळगाव बसवंतच्या चहाच्या टपऱ्यांवर सगळे मानवाधिकारवाले झाले. "आमची पोरं तिथं राबतात, कर भरतात, आणि ही वागणूक?" प्रश्न रास्त आहे. फक्त तोच प्रश्न नाशिकच्या अंबड एमआयडीसीत लेथवर उभ्या असलेल्या उत्तर प्रदेशातल्या बलियाच्या पोराने विचारला, की आपल्याला भूमिपुत्र आठवतो.

फेब्रुवारी 2008 मधलं परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन आठवा. अंबड-सातपूरचे हजारो कामगार जीव मुठीत धरून गावी पळाले, कारखान्यांच्या पाळ्या लंगडल्या. त्याच धुमाकुळात बसवर भिरकावलेल्या दगडाने जीव गेला तो एचएएलच्या मराठी कर्मचाऱ्याचा. दगडाला डोमिसाइल वाचता येत नाही.

पश्चिमेचा दबदबा ओसरला, असं विद्वान सांगतात. त्यांनी निफाडच्या द्राक्षबागेत येऊन सांगावं. मण्यात औषधाचा किती अंश चालेल, हे आजही युरोप ठरवतो. 2010 साली क्लोरमॅक्वाट हे वाढरोधक सापडलं म्हणून तिकडे आपले कंटेनर अडकले. तेव्हापासून निर्यातदार लॅबचा रिपोर्ट सातबाऱ्यासारखा जपतो. परक्यांना हाकला, ही आरोळी मात्र आपण आयात केलेली नाही. मुंबईत शिवसेनेच्या जन्मापासून, म्हणजे 1966 पासून तिचं स्वदेशी उत्पादन चालू आहे. नेदरलँड्समध्ये स्थलांतरितविरोधी नेते विल्डर्स 37 जागा घेऊन पहिले आले ते 2023 मध्ये. ट्रम्प काय, विल्डर्स काय, या धंद्यात आपल्यापुढे नवखेच.

आता ज्या द्राक्षाच्या जिवावर नाशिकचा एवढा तोरा, त्याचे कागद तपासू. थॉम्पसन सीडलेस मूळची इराण-तुर्कस्तानकडची. नाव मिळालं कॅलिफोर्नियातल्या एका बागायतदाराचं. तासगावात आली आणि तिच्यातून निवडलेल्या वाणाचा 'तास-ए-गणेश' झाला. बारशाला कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. आणि खाली जमिनीत बघाल तर डॉगरिज! खारवट माती, तुटपुंजं पाणी, सगळं सोसणारा हा खुंट टेक्सासचा. त्यावर आपण कलम बांधतो आणि वरच्या घडाला अस्सल नाशिकचा म्हणतो. म्हणावंच; पिकतो तो इथल्याच मातीत. फ्रेंचांच्या बागा एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेराने उठल्या, तेव्हा त्यांनाही अमेरिकी खुंटांनीच तारलं. कीडही अमेरिकेचीच होती म्हणा!

हे घड आज रॉटरडॅमला बिनबोभाट उतरतात, ते पिकवणाऱ्याच्या पोराला मात्र व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं. त्याची बाजू जरूर घ्या. पण अमेरिकेतल्या एडिसनमधल्या भाच्यासाठी जो न्याय मागता, तोच अंबडच्या लेथवाल्याला द्या. ते जमणार नसेल तर ट्रम्पच्या नावाने गळा काढू नका. तुमचाच कार्यक्रम तो मोठ्या मंडपात करतोय.