आधी कुणी हात घातला?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग आणि वेल्डिंगची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. कुठल्याही दुकानात शिरा, तिथला माणूस जगातलं कुठलंही काम ‘होऊन जाईल’ म्हणून अंगावर घेतो. मात्र इंजिनात बोल्ट तुटून बसला आहे एवढं वाक्य उच्चारलंत, की तोच माणूस हात पुसत बाहेर येतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडं बोट दाखवतो. तिथं आमचे मेस्त्री बसतात. असे मेस्त्री सांगली, इचलकरंजी, भोसरी, नाशिक, जिथं जिथं इंजिनं आहेत आणि ती उघडायची हौस आहे तिथं एकेक असतातच. आमचे कोल्हापूरचे, म्हणून माहितीतले.

दुकानाला पाटी नाही. एक व्हाइस, एक ड्रिल मशीन, एक वेल्डिंगचा सेट, आणि डिझेलनं भरलेला पत्र्याचा डबा. भिंतीवर चालू वर्षाचं कॅलेंडर, त्यावर गिऱ्हाइकांची नव्हे तर दुधाची नोंद. मेस्त्रींची पन्नाशी कधीच उलटलेली. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. त्यांच्याकडं कसलंही सर्टिफिकेट नाही. चाळीसेक वर्षं ड्रिल आणि ग्राइंडरशी खेळूनही दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत, हीच त्यांची पदवी.

गिऱ्हाईक घाईत येतं. मेस्त्री घाईत नसतात. ते आधी इंजिनाकडं बघतच नाहीत, माणसाकडं बघतात.

“ह्यात आधी कुणी हात घातला?”

या प्रश्नावर आजवर कुणीही पहिल्या झटक्यात खरं बोललेलं नाही. “कुणी नाही हो, आपोआप तुटला,” हे ठरलेलं उत्तर. मग मेस्त्री चष्मा नीट करतात, पोराला मोबाइलची बॅटरी धरायला सांगतात आणि तुटक्या तोंडाकडं निरखून बघतात. तुटलेला भाग सगळा ताजा, चकचकीत असेल तर जोर आजच लागला. अर्धा काळपट, गंजलेला आणि अर्धा चकचकीत असेल तर बोल्टाला तडा पूर्वीच गेला होता, आज फक्त निकाल लागला. “निम्मा गुन्हा तुमचा, निम्मा आधीच्याचा,” असं ते कोर्टापेक्षा लवकर सांगून मोकळे होतात. भोवती पंचाचे ठिपके, छिन्नीचे ओरखडे आणि मध्य सोडून तिरकं गेलेलं भोक दिसलं, की ते काहीच बोलत नाहीत. फक्त चहा सांगतात. त्यांनी चहा सांगितला की समजावं, काम लांबलं.

मेस्त्रींचा राग बोल्टावर नसतो, पाइपावर असतो. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टाला घट्ट व्हायला साधारण दहा न्यूटन-मीटर पीळ पुरतो. म्हणजे वीतभरही नसलेल्या पान्याच्या टोकाला हातानं बेताचं ओढलं की झालं. आमचा माणूस काय करतो, तर बोल्ट हलेना म्हणून पान्याला दोन फुटी पाइप घालतो, पाय रोवतो आणि कुलदैवताचं नाव घेतो. देव हाकेला धावतो. बोल्ट फिरतो. फिरतोय, सुटतोय, असं म्हणेपर्यंत डोकं हातात आणि धड इंजिनात. “सहाच्या बोल्टाला मनगाट वापरायचं, खांदा न्हाई,” हे मेस्त्रींचं म्हणणं गिऱ्हाइकाला नेहमी उशिरा ऐकायला मिळतं.

पाइपवाल्यांच्याही वरचा एक वर्ग आहे. हा शिकलेला असतो. याच्या घरी साठ गोट्यांचा चकचकीत सेट असतो, आणि त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहून तुटके बोल्ट काढायचा एक्स्ट्रॅक्टर मागवलेला असतो. बोल्टात भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांचा हा टोकदार तुकडा फिरवायचा, तो रुतत जातो आणि बोल्ट उलटा फिरून बाहेर. व्हिडिओत येतो. घरी बोल्ट जागेवर राहतो आणि एक्स्ट्रॅक्टर आतल्या आत मोडतो. आता गंमत अशी, की बोल्ट असतो मऊ लोखंडाचा, त्याला ड्रिल लागतं. एक्स्ट्रॅक्टर असतो कडक पोलादाचा, त्याला साधं ड्रिल नुसतं घासून निळं पडतं. अशी केस आली की मेस्त्री चष्मा काढून खिशात ठेवतात. “कुलूप उघडायला गेलासा आणि आत किल्ली मोडून आलायसा. ह्येला आता हेड उतरून शिरोलीला स्पार्क मशीनवर न्यावं लागंल.” त्या मशीनवर विजेच्या ठिणग्यांनी कणाकणानं धातू खाऊन काढतात. मजुरी ऐकून शिकलेला माणूसही कणाकणानं कमी होतो.

मेस्त्रींचं खरं काम बघायचं तर उसाच्या हंगामात बघावं. कारखाना चालू, ट्रॉल्या भरलेल्या, आणि ट्रॅक्टरच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड तुटलेला. ही जागा रोज तापते, रोज निवते. तिथले आटे गंजून एकजीव होतात. मालक घामाघूम, फोनवर मुकादम. भोवती बघे. कोल्हापुरात खासबागच्या कुस्ती मैदानाच्या सवयीनं बघ्यांना गप्प बसून काही बघताच येत नाही. कुणी म्हणतं छिन्नी मार, कुणी म्हणतं रॉकेल सोड, एकानं तर इंजिनच बदलायला सांगितलं.

स्टडाचे दोन-तीन आटे बाहेर राहिलेले असतात, तेवढ्यावर मेस्त्रींचं भागतं. ते तारेच्या ब्रशानं टोक घासून चकचकीत करतात. त्यावर एक वायसर घालतात, म्हणजे वेल्डिंग हेडला धरत नाही. वायसरवर एक नट. मग नटाच्या भोकात रॉड धरून आत भरत भरत वर येतात, नट आणि स्टड एक होईपर्यंत. नट लालभडक होतो. इथं नवा माणूस लगेच पाना लावतो. मेस्त्री रॉड खाली ठेवतात, तंबाखू मळतात आणि लाली उतरायची वाट बघतात. त्या आचेनं गंजाची पकड ढिली झालेली असते. नट काळा पडला, पण अजून कढत आहे, तोवर ते आट्यांच्या मुळाशी मेणबत्ती टेकवतात. मेण वितळून आट्यांत आपोआप ओढलं जातं.

आता पाना. आणि पहिला झटका सोडायच्या दिशेनं नाही, घट्ट करायच्या दिशेनं! बघ्यांमध्ये खळबळ. मालक डोळे मिटतो. केसभर घट्ट, केसभर सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. बारीक करकर ऐकू येते. मेस्त्री मान तिरकी करून ऐकत राहतात; आवाज कोरडा झाला की थांबतात, थोडं डिझेल सोडतात, पुन्हा सुरू. जोर बघाल तर दोन बोटांचा. मग स्टड निमूटपणे फिरत बाहेर येतो. सल्ला देणारे सगळे म्हणतात, “आम्ही तेच सांगत होतो.”

तो तुकडा मेस्त्री मालकाला देत नाहीत, डिझेलच्या डब्यात टाकतात. डबा अशा तुकड्यांनी निम्मा भरलाय. कशाला ठेवता म्हणून विचारलं तर म्हणाले, “पोराला दावायला. माणसं काय काय करत्यात ते पुस्तकात न्हाई.”

मजुरीचा त्यांचा हिशेब बोल्टाच्या मापावर ठरत नाही. नुसता तुटलेला बोल्ट सगळ्यात स्वस्त. छिन्नी-हातोडी खाऊन आलेला दुप्पट. तिरकं भोक पाडलेला तिप्पट, कारण मग भोक मोठं करून, नवे आटे पाडून, त्यात तारेची स्प्रिंग बसवावी लागते. आणि “आपोआप तुटला” म्हणणाऱ्याला वर पन्नास रुपये जास्त. हे पन्नास कसले, असं एका गिऱ्हाइकानं रागानं विचारलं होतं. मेस्त्री शांतपणे म्हणाले, “खरं काय ते शोधायला वेळ गेला की वो माझा.”

तेव्हा तुमच्या गाडीचा बोल्ट तुटलाच, तर पाना खाली ठेवा. ड्रिल मारू नका, हातोडी उचलू नका, मेव्हण्याला बोलावू नका. आहे तस्सं इंजिन घेऊन या आणि विचारलं की पाइप लावला होता हे सरळ सांगून टाका. दुकान सोमवारी बंद असतं.